घराच्या डाउन पेमेंटसाठी भविष्य निर्वाह निधी कसा आणि किती वापरावा

पगारदार माणसाच्या नावावर असलेली सर्वांत मोठी शिल्लक बहुतेक वेळा बँकेत नसून पीएफच्या पासबुकात असते, आणि घर घेण्याचा विचार सुरू झाला की नजर साहजिकच तिकडे वळते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या नियमांनीही घरासाठी पैसे काढण्याची वाट पूर्वीपासून मोकळी ठेवलेली आहे. हे पैसे काढावेत की नाहीत याचे सरसकट उत्तर देता येत नाही. किती काढावेत, केव्हा काढावेत आणि काढल्यानंतर ती जागा कशी भरून काढावी, हे तीन प्रश्न मात्र कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या पोर्टलवर दावा करण्याआधीच सोडवलेले असावेत. खालील विवेचन मुख्यतः खासगी नोकरीत असलेल्या आणि महाराष्ट्रात पहिले घर घेऊ पाहणाऱ्या व्यक्तीसाठी आहे.

आधी खिशातून किती लागणार ते मोजावे

डाउन पेमेंट म्हणजे किमतीच्या वीस टक्के, असे सर्वसाधारणपणे धरले जाते; पण हा हिशेब अपुरा आहे. बँकेने किती कर्ज द्यावे याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेली आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जासाठी ७५ टक्के. ही टक्केवारी काढताना मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि दस्तऐवजांचा इतर खर्च किमतीत धरला जात नाही. १० लाखांपर्यंतच्या लहान घरांना तेवढी सवलत आहे. त्यामुळे हा सगळा खर्च खरेदीदाराच्या पदरचा असतो, आणि नेमका तोच शेवटच्या आठवड्यात लक्षात येतो.

उदाहरणादाखल पुणे महापालिका हद्दीतील ७० लाख रुपयांची सदनिका घेऊ. बँक ८० टक्के, म्हणजे ५६ लाख देईल. १४ लाख स्वतःचे. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के होते, म्हणजे ४ लाख ९० हजार; नोंदणी शुल्क १ टक्का असले तरी त्याची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आहे. इथेच आकडा १९ लाख २० हजारांवर जातो. इमारत बांधकामाधीन असेल आणि घर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत नसेल, तर ५ टक्के जीएसटीचे आणखी साडेतीन लाख धरावे लागतात. हा जीएसटी बँक घराच्या किमतीत मोजते की नाही, हे कर्ज अधिकाऱ्याला आधीच विचारून घ्यावे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही. शिवाय करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे (रेडी रेकनर) येणारी किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते, हेही विसरू नये. सारांश, ज्याला आपण १४ लाखांचे डाउन पेमेंट समजत होतो, ते प्रत्यक्षात १९ ते २३ लाखांचे काम निघते. पीएफमधून किती काढायचे याचा विचार या खऱ्या आकड्यापासून सुरू व्हायला हवा.

पीएफमधून किती मिळू शकते

१९५२ च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेतील परिच्छेद ६८-बी हा घरासाठीच्या आगाऊ रकमेचा जुना आणि मूळ आधार आहे. त्याप्रमाणे किमान ५ वर्षांचे सदस्यत्व लागते; आधीच्या नोकऱ्यांतील खाती सध्याच्या खात्यात वर्ग केलेली असतील तर ती वर्षेही त्यात मोजली जातात. तयार घर किंवा सदनिका घेण्यासाठी, अथवा घर बांधण्यासाठी, ३६ महिन्यांचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता, किंवा खात्यातील स्वतःचा व मालकाचा, म्हणजे कंपनीचा, हिस्सा व्याजासह, किंवा घराची प्रत्यक्ष किंमत, यांपैकी जी रक्कम सर्वांत कमी असेल ती मिळते. नुसता भूखंड घ्यायचा असेल तर ३६ ऐवजी २४ महिन्यांचे वेतन धरले जाते. इथे वेतन म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. अनेक कंपन्यांत मूळ वेतन एकूण पगाराच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी असते, आणि त्यामुळे अपेक्षेपेक्षा बरीच लहान रक्कम मंजूर झाल्याची तक्रार कानावर येते.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने या सर्व तरतुदींची नव्याने मांडणी करण्याचा निर्णय घेतला. अंशतः पैसे काढण्याच्या १३ वेगवेगळ्या तरतुदी एकत्र करून अत्यावश्यक गरजा, घराच्या गरजा आणि विशेष परिस्थिती असे तीनच गट केले गेले. किमान सेवेची अट सरसकट १२ महिन्यांवर आणली गेली. मालकाच्या हिश्शासह पात्र रक्कम पूर्ण काढण्याची मुभा दिली गेली. आणि त्याच वेळी खात्यातील २५ टक्के रक्कम किमान शिल्लक म्हणून कायम ठेवण्याचे बंधन घातले गेले. या शेवटच्या बंधनावर बरीच टीका झाली. माझ्या मते संपूर्ण निर्णयातील तेच सर्वांत शहाणपणाचे कलम आहे.

नियोजन करताना दोन्ही पद्धतींनी आकडा काढावा आणि त्यांतील लहान आकडा गृहीत धरावा. समजा, मूळ वेतन ४० हजार आहे आणि पासबुकात स्वतःचे ९ लाख २० हजार व मालकाच्या हिश्शाचे ६ लाख ८० हजार, असे एकूण १६ लाख आहेत. जुन्या सूत्राने ३६ महिन्यांच्या वेतनाचे १४ लाख ४० हजार येतात. २५ टक्के मागे ठेवण्याच्या नियमाने १२ लाख येतात. तेव्हा १२ लाखच हाताशी आहेत असे समजून बिल्डरशी बोलणी करावीत. दावा भरताना पोर्टलवर जी पात्र रक्कम दिसेल तिच्यापलीकडे काही मिळत नाही, म्हणून बुकिंगची रक्कम देण्यापूर्वीच एकदा तिथपर्यंत जाऊन तो आकडा पाहून घेणे उत्तम.

पासबुकातला तिसरा रकाना, म्हणजे निवृत्तिवेतन योजनेत जमा झालेली रक्कम, या हिशेबात धरू नये. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, १५ हजारांच्या वेतनमर्यादेमुळे सहसा महिन्याला १,२५० रुपये, तिकडे जातात आणि ते घरासाठी काढता येत नाहीत. त्याची चांगली बाजू अशी की घरासाठी पीएफ काढल्याने निवृत्तिवेतनाच्या सेवाकाळाला धक्का लागत नाही.

घर कोणाच्या नावावर, हा प्रश्न आधी

परिच्छेद ६८-बी प्रमाणे घर सदस्याच्या स्वतःच्या, पती किंवा पत्नीच्या, अथवा दोघांच्या संयुक्त नावावर असावे लागते. भाऊ, वडील किंवा मुलगा यांच्यासोबतच्या सामाईक मालमत्तेतील हिस्सा घेण्यासाठी हा पैसा मिळत नाही. आपल्याकडे वडिलांचे नाव आदराने पहिले लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पीएफ वापरायचा असेल तर करारनाम्याचा मसुदा तयार होण्यापूर्वीच हा विषय घरात मोकळेपणाने बोलून घ्यावा, कारण नोंदणीनंतर नावे बदलणे म्हणजे नवा दस्त आणि नवा खर्च.

याच ठिकाणी एक फायद्याची गोष्ट आहे. महाराष्ट्रात निवासी घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते. वरच्या उदाहरणात ती ७० हजारांची होते, आणि पतीचा पीएफ पत्नीच्या नावावरील घरासाठी वापरण्यास नियमांची आडकाठी नाही. मात्र बँक सर्व मालकांना कर्जात सहअर्जदार करते, तेव्हा ज्या स्त्रीच्या नावावर घर असेल तिला कर्जातही यावेच लागेल. संयुक्त नावात ही सवलत मिळत नाही. ७० हजारांसाठी पतीचे नाव मालकीतून वगळावे का, याचा निर्णय ज्या त्या घराने करावा.

पैशांचा क्रम

पीएफची रक्कम काढल्यापासून ६ महिन्यांत खरेदी पूर्ण होणे अपेक्षित असते. स्वतः घर बांधत असल्यास ६ महिन्यांत काम सुरू व्हावे लागते आणि शेवटचा हप्ता उचलल्यापासून १२ महिन्यांत ते पूर्ण व्हावे लागते. खरेदी फिसकटली किंवा पैसे उरले तर ते परत भरावे लागतात, आणि दुसरीकडे वापरल्याचे आढळल्यास दंडव्याजासह वसुली होऊ शकते. हे लक्षात घेता, घर पक्के ठरण्यापूर्वीच ‘पैसे हाताशी असू द्यावेत’ म्हणून दावा करणे चुकीचे आहे.

व्यवहारात पुढील क्रम सोयीचा पडतो. सर्वप्रथम बँकेकडून कर्जाचे मंजुरीपत्र घ्यावे, म्हणजे किती कमी पडते हे अंदाजाने नव्हे, कागदावर कळेल. त्यानंतर प्रकल्पाची महारेरावरील, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील, नोंद तपासून बुकिंग करावे. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही, म्हणून ‘आधी वीस टक्के भरा, मग करार करू’ असे कोणी म्हणाल्यास तिथेच थांबावे. ही पहिली १० टक्के रक्कम आणि मुद्रांक शुल्क मुदत ठेव किंवा बचत खात्यातून द्यावे. पीएफचा दावा मंजुरीपत्र हाती आल्यावर आणि करारनाम्याची तारीख ठरल्यावर दाखल करावा. दावा निकाली काढण्यासाठी भविष्य निर्वाह निधी संघटनेने २० दिवसांची मुदत ठरवलेली आहे, आणि ५ लाखांपर्यंतचे दावे जून २०२५ पासून संगणकीय पद्धतीने आपोआप निकाली निघू शकतात. तरीही नोंदणीच्या तारखेआधी दीड-दोन महिने हातात ठेवलेले बरे, कारण विलंब होतो तो बहुधा दाव्याच्या तपासणीत नव्हे तर आधीच्या नोंदींतील चुकांमुळे. बँक आपले पैसे तेव्हाच सोडते जेव्हा खरेदीदाराने स्वतःचा हिस्सा भरल्याच्या पावत्या दाखवलेल्या असतात, म्हणून पीएफचे पैसे कर्जाच्या पहिल्या वितरणापूर्वी बिल्डरकडे पोहोचलेले असले पाहिजेत.

घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून १ टक्का कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर असते. हा वेगळा खर्च नाही, किमतीतलाच भाग आहे; पण पीएफमधून आलेली सगळी रक्कम जशीच्या तशी बिल्डरला पाठवून मोकळे होणाऱ्यांना नंतर व्याज आणि विलंब शुल्क स्वतः भरावे लागते.

दावा दाखल करताना

ज्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे, तेथील कर्मचाऱ्यांनी ट्रस्टकडे म्हणजे व्यवहारात कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे अर्ज करायचा असतो. इतरांनी सदस्य पोर्टलवर यूएएन (सदस्याचा नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक) आणि पासवर्ड टाकून आत जावे. दाव्याआधी चार गोष्टी पाहून घ्याव्यात: आधार, पॅन आणि बँक खाते जोडलेले आणि मंजूर आहे का, आधारवरील नाव व जन्मतारीख पीएफच्या नोंदीशी अक्षरशः जुळते का, आधीच्या प्रत्येक नोकरीची सोडल्याची तारीख नोंदलेली आहे का, आणि जुनी खाती सध्याच्या खात्यात वर्ग झाली आहेत का. यांतील शेवटची गोष्ट सर्वाधिक वेळ खाते. चार वर्षे एका कंपनीत आणि दोन वर्षे दुसरीत काढलेल्या माणसाचे जुने खाते वर्ग झालेले नसेल, तर नव्या खात्यापुरती त्याची सेवा दोनच वर्षांची दिसते आणि ५ वर्षांची जुनी अट लावल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. घर शोधायला सुरुवात करण्याच्या महिन्यातच खाते वर्ग करण्याची विनंती टाकून ठेवावी.

त्यानंतर ऑनलाइन सेवांच्या रकान्यात दाव्याचा पर्याय निवडून बँक खाते क्रमांकाची पडताळणी करावी, आगाऊ रकमेसाठीचा अर्ज क्रमांक ३१ निवडावा, कारणांच्या यादीतून घर किंवा सदनिका खरेदी हे कारण घ्यावे, रक्कम लिहावी आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून अर्ज पूर्ण करावा. घर खरेदी, बांधकाम, भूखंड, दुरुस्ती आणि कर्जफेड अशी कारणे वेगवेगळी असतात. चुकीचे कारण निवडल्यास अटीही वेगळ्या लागतात, तेव्हा घाई करू नये. अर्जासोबत खरेदीची कागदपत्रे मागितली जात नाहीत, सदस्याचे स्वयंघोषणापत्र पुरते. याचा अर्थ कागद लागणारच नाहीत असा होत नाही. करारनामा, बिल्डरच्या पावत्या आणि पीएफची रक्कम ज्या खात्यात आली त्याचे विवरण एका फायलीत जपून ठेवावे. या सर्व कामाला सरकारी शुल्क नाही, आणि ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पासवर्ड किंवा ओटीपी देण्याचे कोणतेही कारण नाही.

काढणे कधी योग्य, कधी नाही

पीएफवर २०२४-२५ या वर्षासाठी ८.२५ टक्के व्याज दिले गेले. या दराने १२ लाख रुपये २० वर्षे तसेच राहिले तर त्यांचे सुमारे ५८ लाख ५८ हजार होतात. हा आकडा दाखवून पीएफला हात लावू नका असा सल्ला दिला जातो, आणि तो अर्धाच खरा आहे. तेच १२ लाख पीएफमधून न काढता ८ टक्के दराने २० वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,०३७ रुपये येतो. पीएफ वापरून हे कर्ज टाळले आणि वाचलेले १०,०३७ रुपये दरमहा ऐच्छिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफमधील सक्तीच्या कपातीवर स्वतःहून घातलेल्या जादा भरीत, त्याच ८.२५ टक्क्यांनी टाकत गेले, तर २० वर्षांनी तिथेही सुमारे ५८ लाख ८० हजार जमतात. म्हणजे कर्जाचा दर ८ टक्क्यांच्या आसपास असताना दोन्ही वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात. फरक पडतो तो वाचलेला हप्ता खरोखर परत निधीत जातो की गाडी, सहली आणि वाढत्या खर्चात विरून जातो, यावर. कर्जाचा दर ८ टक्क्यांखाली असेल तर पीएफ जागेवर ठेवण्याकडे पारडे झुकते. दर त्याहून वर गेला तर काढण्याकडे. करसवलतींनी हे चित्र थोडे बदलते, पण नवी करप्रणाली निवडलेल्यांना स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाची वजावट मिळत नाही, म्हणून त्यांनी हा हिशेब आहे तसाच धरण्यास हरकत नाही.

बँक जेवढे कर्ज देऊ शकते तेवढे घेऊनही रक्कम कमी पडत असेल, आणि दुसरा मार्ग वैयक्तिक कर्जाचा असेल, तर पीएफ निःसंशय वापरावा. वैयक्तिक कर्जाचा दर गृहकर्जापेक्षा बराच चढा असतो आणि त्याच्या हप्त्यामुळे गृहकर्जाची पात्रताही घटते. डाउन पेमेंटची सोय झालेली आहे, पण कर्ज लहान करायचे म्हणून पीएफ काढायचा, अशी स्थिती असेल तर थांबावे; कर्ज फेडण्यासाठी पीएफमधून रक्कम काढण्याची वेगळी तरतूद आहेच, आणि दोन-तीन वर्षांनी पगार, दर आणि गरज पाहून तो निर्णय घेता येतो. तिसरी स्थिती सर्वांत मोहाची: पीएफचे १२ लाख मिळणार म्हणून दोन खोल्यांऐवजी तीन खोल्यांचे घर बघायला लागणे. यात पीएफ तर जातोच, शिवाय मोठ्या घराचा हप्ता, देखभाल खर्च आणि मालमत्ता कर यांमुळे तो पुन्हा भरण्याची ताकदही उरत नाही. असे करू नये.

वय पन्नाशीच्या पुढे असेल तर आणखी सावध राहावे. अशा वयात बँक कर्जाची मुदत सहसा निवृत्तीच्या वयाशी बांधते, त्यामुळे हप्ता मोठा येतो आणि पीएफ काढून तो कमी करण्याचा मोह होतो. पण ५८ व्या वर्षापर्यंत खाते पुन्हा भरायला जेमतेम काही वर्षे उरलेली असतात.

पीएफच्या आधी इतर बचतीकडेही पाहावे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर (पीपीएफ) सध्या ७.१ टक्के व्याज आहे, म्हणजे कर्मचारी निधीपेक्षा कमी. आणि सातव्या आर्थिक वर्षापासून, कारण न सांगता, त्यातून चौथ्या मागील वर्षअखेरच्या किंवा लगतच्या वर्षअखेरच्या शिल्लकीच्या निम्म्यापर्यंत, जी कमी असेल ती रक्कम, काढता येते. २०१९-२० मध्ये उघडलेल्या खात्यातून ही मुभा २०२५-२६ पासून सुरू झाली. तेव्हा दोन्ही खाती असणाऱ्याने आधी हे मोडावे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतून (एनपीएस) ३ वर्षांनंतर स्वतःच्या योगदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम पहिल्या घरासाठी मिळते. मालकाचे योगदान आणि वाढ त्यात धरली जात नाही आणि वडिलोपार्जित घर वगळता नावावर दुसरे घर असल्यास ही सोय नाही. ही रक्कम बहुधा लहानच निघते, पण मुद्रांक शुल्काला हातभार लागतो. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी मुदत ठेव मात्र कशासाठीही मोडू नये, कारण घर घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच ती बहुधा लागते.

नोंदणी झाल्यानंतर

ताबा मिळाल्यावर पासबुक उघडून काढलेली रक्कम योग्य कारणाखाली नोंदली गेली आहे का ते पाहावे आणि ई-नामनिर्देशन अद्ययावत करावे. मग ऐच्छिक योगदान सुरू करण्यासाठी कंपनीला पत्र द्यावे. बऱ्याच कंपन्यांत ते एप्रिलमध्येच बदलता येते, म्हणून तारीख आधी विचारून ठेवावी. नव्या घराच्या पहिल्या वर्षी पूर्ण हप्त्याइतके योगदान जमणे कठीण असते. मूळ वेतनाच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात करून दरवर्षीच्या पगारवाढीतील अर्धा भाग तिकडे वळवणे बहुतेकांना पेलते. कर्मचाऱ्याचे स्वतःचे वार्षिक योगदान, सक्तीचे आणि ऐच्छिक मिळून, अडीच लाखांच्या वर गेल्यास वरच्या भागावरील व्याज करपात्र होते. ४० हजार मूळ वेतनाच्या माणसाचे सक्तीचे योगदान वर्षाला ५७,६०० रुपये असते, म्हणजे त्याला वर्षाला १ लाख ९२ हजार ४०० रुपयांपर्यंत, महिन्याला जवळपास १६ हजारांपर्यंत, ही मर्यादा न ओलांडता ऐच्छिक भर घालता येते.